दोघांनी, हळूहळू, सात-सात किलोंत

नातेपुत्याला लांबच्या प्रवासाचं अप्रूप नाही. दर आषाढात माऊलींची पालखी धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि जिल्ह्यातला पहिला मुक्काम आपल्याकडे करते. रोज नव्या गावात पाठ टेकणारी, एका पिशवीवर भागवणारी जोडपी आपण लहानपणापासून आपल्याच अंगणात बघत आलो. तरीही कुणी म्हणालं की “आम्ही दोघं तीन महिने बाहेरच्या देशांत फिरून येणार,” तर पारावर पहिला प्रश्न येतो, “कुठल्या टूरबरोबर?” आणि दुसरा, “एवढे पैसे कुठनं आणले?” टूरची गरज नाही. पैसे लागतात, पण आपण समजतो तेवढे नाही. ते कसे, हे सविस्तर सांगतो.

कोचीचे चहावाले विजयन आणि त्यांच्या पत्नी मोहना यांचं नाव बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. लहानशा हॉटेलच्या गल्ल्यातून रोज ३०० रुपये बाजूला टाकायचे, कमी पडेल ते कर्ज काढायचं, परत आल्यावर फेडायचं, असं करत दोघांनी पंचवीसहून जास्त देश पाहिले. २०२१ च्या नोव्हेंबरात विजयन गेले, त्याच्या आदल्या महिन्यात दोघं रशियाला जाऊन आले होते. आपल्या परभणीचे पत्रकार विष्णुदास चापके २०१६ मध्ये निघाले आणि जगाला फेरी मारून २०१९ मध्ये परतले. एकटे, हाती बेताचेच पैसे घेऊन. विजयन यांचं कर्ज मी कुणाला सुचवणार नाही. त्यांचे रोजचे ३०० रुपये मात्र जरूर सुचवेन. दोघांनी मिळून एवढे टाकले तर चार वर्षांत चार लाखांच्या वर जातात, आणि चार-साडेचार लाखांत दोघांचे तीन महिने निघतात.

आता हिशेब मांडतो. व्हिएतनाम, थायलंड, मलेशिया हा पट्टा धरा. साधी, स्वच्छ, पंख्याची दोघांची खोली सरासरी १,२०० रुपयांत मिळते. दोघांचं दोन वेळचं जेवण, न्याहारी आणि चहापाणी हजार-बाराशे. गावातलं आणि गावागावांतलं फिरणं दिवसाला ५०० च्या आसपास, तिकिटं, सिमकार्ड, कपडे धुणं हे सगळं मिळून आणखी ४००-५००. म्हणजे दिवसाला दोघांचे साधारण ३,५०० रुपये, नव्वद दिवसांचे सव्वातीन लाखांच्या आत. विमानाची जाऊन-येऊन आणि मधली तिकिटं वेळेत काढली तर दोघांची ७०-८० हजार. व्हिसा आणि विमा धरून साडेचार लाखांपर्यंत जातं. हा माझा ठोकताळा आहे, तुमच्या सवयीप्रमाणे तो खालीवर होईल. पण आठ-दहा दिवसांच्या युरोप टूरला दोघांचे जेवढे जातात, तेवढ्याच्या आत-बाहेर तीन महिने बसतात, हे पक्कं.

ते बसतात एकाच अटीवर. जागा सारखी बदलायची नाही. पैसा हलण्यात जातो. प्रत्येक नव्या गावी पहिल्या दिवशी रिक्षावाल्याला जास्त दिले जातात, स्टेशनाजवळच्या महागड्या हॉटेलात जेवलं जातं, घाईत मिळेल ती खोली घेतली जाते. तिसऱ्या दिवशी भाजीबाजार सापडतो, पाचव्या दिवशी खानावळवाली ओळखायला लागते, आणि आठवड्याच्या बोलीनं खोलीचा भाडेदर उतरतो. महिन्याची बोली केली तर आणखी उतरतो. म्हणून नव्वद दिवसांत बारा-तेरा मुक्काम पुष्कळ झाले. तीन देश पुरेत, खरं तर दोनही पुरेत. ज्यांना तीन महिन्यांत दहा देशांचे शिक्के हवेत त्यांनी टूरच घ्यावी, ती त्यांना स्वस्त पडेल.

जोडीनं जाण्यात पैशाचा एक सरळ फायदा आहे. एकटा माणूस स्वस्तात राहायचं म्हणून हॉस्टेलच्या सामायिक खोलीत एक कॉट घेतो. दोघांसाठी दोन कॉट घ्याल, तर तेवढ्याच पैशांत बहुतेक ठिकाणी स्वतंत्र खोली मिळते, कडीकुलपासह. टॅक्सी निम्म्यात पडते. एकानं सामानापाशी बसायचं आणि दुसऱ्यानं चार ठिकाणी खोली बघून यायची, ही सोय एकट्याला कुठून मिळणार? खोली बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. नव्या गावात पहिल्या दोन रात्रींचंच आरक्षण फोनवरून करा. पुढचं तिथं चालत हिंडून ठरवा.

कधी जायचं

या पट्ट्यात हिंडायचा बरा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एक सावधगिरी: मध्य व्हिएतनाममध्ये, म्हणजे ह्यू-होई आनच्या बाजूला, ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुसळधार पाऊस आणि पूर असतात, तो भाग जानेवारीनंतर घ्या. आपल्या शेतीशी हे वेळापत्रक बरंचसं जुळतं. आंबे बहार धरणाऱ्यांची डाळिंबाची बाग नोव्हेंबर-डिसेंबरात ताणावर असते. पाणी सोडायच्या आत परत यायचं असेल तर दोन महिने मिळतात. ऊसवाल्यांनी मात्र तोड झाल्याशिवाय निघू नये. टोळी कधी येईल याची काळजी घेऊन हनोईत बसण्यात काही अर्थ नाही.

निवृत्त शिक्षक, एसटीतली, झेडपीतली मंडळी या प्रवासाला सगळ्यात योग्य, असं मला मनापासून वाटतं. अंगात ताकद असते, पेन्शन येत असते, मुलं मार्गी लागलेली असतात. त्यांची अडचण एकच: हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो आणि नेमके तेव्हाच आपण बाहेर. आता जीवन प्रमाण ॲपवर मोबाइलनं चेहरा दाखवून दाखला देता येतो. निघण्याआधी कोषागारात किंवा बँकेत विचारून घ्या आणि घरी असतानाच ॲप एकदा चालवून बघा. नोकरीत असलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांनी परदेशी जाण्याची परवानगी आणि रजा आधी लेखी मंजूर करून घ्यावी, मग तिकीट काढावं.

कागद

पासपोर्टला आपल्याकडून सोलापूरच्या टपाल कार्यालयातल्या केंद्रात किंवा पुण्याला मुंढव्याच्या केंद्रात जावं लागतं. ३६ पानांच्या पासपोर्टची फी १,५०० रुपये, ६० पानांच्या पासपोर्टची २,०००. लांबचा बेत असेल तर ६० पानांचाच घ्या. पोलीस पडताळणी आपल्या नातेपुते ठाण्यातून होते. पोहोचण्याच्या तारखेपासून पुढे किमान सहा महिने मुदत शिल्लक नसेल तर विमानतळावरूनच परत पाठवतात.

खरी गोची होते ती नावात. आपल्या भागातल्या कितीतरी पासपोर्टांत स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं आणि आडनाव असं सगळं एकाच रकान्यात घातलेलं असतं आणि आडनावाचा रकाना कोरा. संयुक्त अरब अमिरातीनं २०२२ च्या नोव्हेंबरपासून एकच नाव असलेल्या पासपोर्टवर पर्यटकांना प्रवेश नाकारायला सुरुवात केली. इतर ठिकाणीही असा पासपोर्ट तिकिटाच्या आणि ई-व्हिसाच्या अर्जात अडचण करतो. अर्ज भरतानाच आडनाव वेगळ्या रकान्यात घाला. बायकांच्या बाबतीत माहेरचं नाव शाळेच्या दाखल्यावर, सासरचं आधारवर, असं असतं. पासपोर्टवर जे असेल तेच तिकिटावर, व्हिसावर, विम्यावर आणि बँकेच्या कार्डावर हवं. लग्नाची नोंदणी राहिली असेल तर नगरपंचायतीत करून घ्या. परदेशात इस्पितळात “तुम्ही यांचे कोण?” असं विचारलं तर फोटो चालत नाही, दाखला लागतो.

व्हिसा सोपे आहेत. व्हिएतनामचा ई-व्हिसा २०२३ च्या ऑगस्टपासून ९० दिवसांचा मिळतो. एका प्रवेशाचे २५ डॉलर, अनेक प्रवेशांचे ५०. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करा, ज्याच्या पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट व्हीएन’ असतं. त्याच्यासारखी दिसणारी आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेणारी खासगी संकेतस्थळं शोधात वर येतात. थायलंडनं २०२४ च्या जुलैत भारतीयांना ६० दिवस व्हिसाशिवाय राहण्याची मुभा दिली. ती कमी करण्याची चर्चा सतत चालू असते, म्हणून तिकीट काढण्याच्या दिवशी पुन्हा तपासा. तिथं उतरण्याआधी डिजिटल आगमन पत्र भरायचं असतं, ते फुकट आहे. मलेशियात डिसेंबर २०२३ पासून ३० दिवस व्हिसा लागत नाही, ही सवलत २०२६ अखेरपर्यंत जाहीर झालेली आहे. त्यांचंही आगमन पत्र आहेच. मुदत संपली तरी राहिलात तर थायलंडमध्ये माणशी दिवसाला ५०० बाट दंड बसतो. थायलंडमधून कंबोडियाला बसनं जायचा जुना मार्ग २०२५ मधल्या सीमासंघर्षात बंद पडला; तो सुरू आहे की नाही हे बघितल्याशिवाय बेतात धरू नका. भूतान जवळ आहे, पण तिथं भारतीयांनाही माणशी रात्रीला १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावं लागतं. खोली घ्यायच्या आधीच दोघांचे २,४०० गेले. आणि युरोपचा शेंगेन व्हिसा माणशी ९० युरो, वर मुक्कामांचे सगळे कागद आधी मागतो. पहिल्या खेपेला तो विचार सोडा.

कुणी “थायलंडला फिरायला आलाच आहात तर कॉम्प्युटरवरचं काम आहे, चांगला पगार देतो” म्हणालं, तर तिथल्या तिथं उठून या. म्यानमारच्या सीमेवरच्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत आपले शेकडो तरुण असेच नेले गेले. आणि पर्यटक म्हणून गेल्यावर राहण्या-जेवणाच्या बदल्यात हॉस्टेलमध्ये काम करणंही बहुतेक देशांत बेकायदा ठरतं, मग त्याला स्वयंसेवा म्हणा की आणखी काही.

पैसा कसा न्यायचा

दोघांची दोन वेगळ्या बँकांची कार्डं, दोन वेगळ्या माणसांच्या खिशात. हे एवढं सांभाळलं तर निम्मी संकटं टळतात. आपली साधी कार्डं परदेशात वापरली की दोन ते साडेतीन टक्के जास्तीचे कापले जातात आणि त्यावर जीएसटी. असा आकार न घेणारी कार्डं काही बँकांकडे आहेत, निघण्याआधी दोन-तीन महिने त्यांची चौकशी करा. थायलंडच्या एटीएममधून परदेशी कार्डावर पैसे काढले की प्रत्येक वेळी २२० बाट किंवा त्याहून जास्त कापतात, म्हणून पुन्हा पुन्हा थोडे काढण्यापेक्षा एकदाच बेताचे काढा. यंत्र “रुपयांत हिशेब करू का?” असं विचारतं. नाही म्हणा. तिथल्या चलनातच काढा, नाहीतर भाव त्यांच्या मर्जीचा लागतो. थोडे डॉलर जवळ असू द्या, कोऱ्या आणि न दुमडलेल्या नोटा. बहुतेक देशांसाठी रोख परदेशी चलन माणशी ३,००० डॉलरपर्यंतच नेता येतं.

व्हिएतनाममध्ये एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. एका रुपयाला तीनशेच्या आसपास डोंग येतात, त्यामुळे सगळ्या नोटा हजारांच्या आणि लाखांच्या. त्यात २० हजारांची नोटही निळी आणि ५ लाखांचीही निळसरच. पहिली ६५-७० रुपयांची, दुसरी दीड-पावणेदोन हजारांची. संध्याकाळच्या मिणमिणत्या उजेडात फळवालीला नोट देताना ही चूक सहज होते. ५ लाखांच्या नोटा पाकिटात ठेवूच नका, पिशवीच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा.

भारतातला नंबर चालू राहिला पाहिजे, कारण बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. रोमिंगवर संदेश येण्याला पैसे पडत नाहीत, पण सिम जिवंत ठेवण्यापुरतं रिचार्ज लागतं. हप्ते, वीजबिल, विम्याचे हप्ते खात्यातून आपोआप जातील अशी सोय करा. आणि टूर कंपनीचं परदेशी पॅकेज घेतलं की पहिल्या रुपयापासून टीसीएस कापला जातो, जो विवरणपत्र भरल्यावर परत मिळवावा लागतो. स्वतः तिकीट-खोली घेऊन कार्डावर खर्च करणाऱ्यांना ही कटकट नाही.

सात किलो

स्वस्त विमानांत हातातल्या सामानाची मर्यादा माणशी सात किलो असते, त्यावरच्या सामानाला दर उड्डाणाला पैसे पडतात. तीन महिन्यांसाठी सात किलो हे ऐकून बायका हसतात आणि पुरुष रागावतात. पण वारीला निघालेली माउली बघा: अंगावरचं एक, पिशवीतलं एक, आणि वाळत घातलेलं एक. तेच प्रमाण ठेवा. तीन जोड, एक पातळ उबदार कपडा, पावसाची टोपी, चपला, आणि पायातले बूट. दुकानातल्या काट्यावर बॅग ठेवून बघा. साडेसहाच्या वर गेली की काहीतरी काढा, कारण परत येताना ती हलकी होत नाही. जड कपड्यांपेक्षा जड जातात त्या “असू दे, लागलं तर” म्हणून घेतलेल्या वस्तू.

खाण्याचं मात्र थोडं नक्की न्या. आपली कडक भाकरी आणि सोलापुरी शेंगाचटणी यांच्यासारखा प्रवासाचा शिधा मला दुसरा माहीत नाही. ज्वारीची पातळ, खरपूस वाळवलेली भाकरी आठवडेच्या आठवडे टिकते, वजन जवळजवळ नाही, आणि रात्री उशिरा पोहोचल्यावर दह्यात किंवा नुसत्या चटणीबरोबर पोट भरतं. मेतकूट, थोडं सातूचं पीठ. काळ्या मसाल्याची पुडी नेणार असाल तर आधी त्यात खसखस आहे का हे आठवा. सिंगापूर आणि अमिरातीत खसखस बंदी असलेल्या पदार्थांत मोडते, आणि बंदी अनारशांवरच्या खसखशीलाही लागू पडते. आपलं विमान तिथं नुसतं बदलत असेल तरी ती जवळ नको.

माळकऱ्यांनी पोटाची काळजी करू नये. थायलंडमध्ये पिवळ्या झेंड्यावर लाल रंगात, इंग्रजी १७ आकड्यासारखं दिसणारं एक चिन्ह असतं. ते ‘जे’ जेवण. त्यात मांस, मासे, अंडी तर नसतातच, कांदा-लसूणही नसतो. चातुर्मास पाळणाऱ्यांना याहून काय हवं? नुसतं “शाकाहारी” म्हणून मागितलं तर मात्र मत्स्यसॉस पडतो, ज्याला ते नाम प्ला म्हणतात. व्हिएतनाम रोमन लिपीत लिहितो, तेव्हा पाटीवर सी-एच-ए-वाय दिसलं की तिथं आत शिरा. ते शाकाहारी हॉटेल. अमावास्येच्या सुमारास आणि पौर्णिमेला तिथले बौद्ध लोकही शाकाहार पाळतात, त्या दिवशी जिकडेतिकडे असं जेवण मिळतं. मलेशियात पेनांग-क्वालालंपूरला तमिळ खानावळीत केळीच्या पानावर भात-रसम. श्रीलंकेला गेलात तर खोबऱ्याच्या सांबोलात सुका मासा कुटून घातलेला असतो, ते विचारल्याशिवाय घेऊ नका. बँकॉकच्या पाहुरात भागात मोठा गुरुद्वारा आहे, तिथं लंगर असतं. ग्रंथसाहिबात आपल्या नामदेवरायांची पदं आहेत, त्यामुळे पंढरीच्या वाटेवरच्या माणसाला तिथं परकं वाटत नाही. जेवलात तर थाळ्या घासायलाही उभे राहा, रोजची खानावळ म्हणून वापरू नका.

औषधांसाठी डॉक्टरांची चिठ्ठी मूळ नावांसह घ्या. टायफॉइड आणि काविळीच्या लशींबद्दल दोन महिने आधी विचारा. बालीसारख्या ठिकाणी कुत्र्यांना रेबीज आहे. चावलं तर हॉटेलात हळद लावून बसू नका, त्याच दिवशी लस सुरू करा.

स्कूटर आणि विमा

इथं मी कळकळीनं सांगतो, कारण आपल्याकडे सगळे दुचाकीवरच वाढलेले असतात आणि तिथं भाड्याची स्कूटर बघून हात शिवशिवतात. परदेशात चालवायला आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. तो आपल्याला अकलूजच्या आरटीओत मिळतो, फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष. थायलंडमध्ये तो चालतो. व्हिएतनाममध्ये चालत नाही. भारत १९४९ च्या जिनिव्हा कराराखाली परवाना देतो आणि व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना कराराखालचाच मानतो. भाड्यानं देणारा काही विचारत नाही, गाडी हातात देतो. पण अपघात झाला की विमा कंपनी पहिल्यांदा परवानाच मागते, आणि तो वैध नसेल तर इस्पितळाचं बिल लाखांत तुमच्यावर. व्हिएतनाममध्ये रेल्वेनं फिरा. हनोईपासून सायगावपर्यंत १,७२६ किलोमीटरचा लोहमार्ग आहे, समुद्राच्या कडेनं जाणारा. रात्रीच्या डब्यात बर्थ घेतली की एका खोलीचं भाडंही वाचतं. पन्नाशीपुढच्यांनी लागोपाठ दोन रात्री मात्र गाडीत काढू नयेत, वाचलेलं भाडं डॉक्टरकडे जातं.

विमा घेताना पूर्ण मुदतीचा घ्या, मध्येच संपणारा नको. साखर, रक्तदाब लपवू नका. लपवलेल्या आजारावरच दावे नाकारले जातात.

दोघं

आपल्याकडच्या कितीतरी जोडप्यांनी लग्नानंतर सलग दहा दिवसही फक्त दोघांत काढलेले नसतात. घरात सासू-सासरे, मुलं, गोठा, दुकान. बोलणं होतं ते कामाचं. आणि एकदम नव्वद दिवस, चोवीस तास, एका खोलीत. पैसे कमी पडून परत आलेली जोडपी मला फारशी माहीत नाहीत. एकमेकांना कंटाळून, रुसून, मुक्काम अर्धा टाकून आलेली माहीत आहेत. म्हणून या भागावर पैशाच्या हिशेबापेक्षा जास्त वेळ द्या.

पहिली गोष्ट. घरकाम बॅगेत भरून नेऊ नका. परदेशात गेल्यावरही सकाळी चहा तिनंच करायचा, कपडे तिनंच धुवायचे, औषधं तिनंच लक्षात ठेवायची, तर तिच्यासाठी हा प्रवास कसला? ती फक्त स्वयंपाकघर बदलते. कपडे पैसे देऊन किलोवर धुवून घ्या. स्वयंपाकघर असलेली खोली घेतलीत तर एक दिवस त्यानं, एक दिवस तिनं, आणि बाकीचे दिवस बाहेर.

दुसरी. पैसा आणि वाट ही दोन कामं आठवड्याला आलटून पालटून करा. या आठवड्यात खर्चाची वही तिच्याकडे आणि गाडी-खोली त्याच्याकडे, पुढच्या आठवड्यात उलट. यानं दोघांना दोन्ही येतं. मी अशा बायका पाहिल्या आहेत ज्यांना दुसऱ्या देशात असताना स्वतःच्या हॉटेलचं नाव माहीत नव्हतं, कारण “ते यांच्या फोनमध्ये आहे.” ही सोय नाही, धोका आहे. दोघांकडे चालणारा फोन, दोघांकडे रोख पैसे, दोघांच्या खिशात हॉटेलचं कार्ड तिथल्या भाषेत छापलेलं. बाजारात ताटातूट झाली तर कुठं भेटायचं हे रोज बाहेर पडतानाच ठरवा.

तिसरी. आठवड्यातून अर्धा दिवस वेगळे हिंडा. तिला मंदिरात बसायचं असेल, त्याला शेतीबाजार बघायचा असेल. संध्याकाळी भेटल्यावर एकमेकांना सांगायला काहीतरी असतं. चौथी, उपाशीपोटी आणि बस उतरल्या उतरल्या कुठलाही निर्णय घेऊ नका, भांडणं त्याच वेळी होतात. आधी खा, मग खोली बघा.

आणि पाचवी, जी निघण्याआधी घरीच बोलून घ्यावी. दोघांपैकी कुणीही, कुठल्याही दिवशी, “मला आता घरी जायचंय” म्हणालं तर वाद न घालता परतीचं तिकीट काढायचं. असं ठरलेलं असलं की ती वेळ सहसा येत नाही, कारण मन मोकळं राहतं. यासाठी तारीख बदलता येणारं तिकीट थोडे जास्त पैसे देऊन घ्या आणि त्याचे पैसे वाया गेले असं म्हणू नका.

सरावाला आपल्या दारातच सोय आहे. येत्या आषाढात दोघं नातेपुत्याहून पुरंदवड्याच्या रिंगणापर्यंत, मग माळशिरस, वेळापूर असे दोन दिवस चाला. तेवढीच बॅग घेऊन, जी पुढं न्यायची आहे. खांदा कुठं दुखतो, कोण सकाळी लवकर उठतं, कुणाला गर्दीत चिडचिड होते, पाय सुजल्यावर कोण कसं बोलतं, हे सगळं कळतं. त्यानंतर नेपाळ. पुण्याहून गोरखपूरला रेल्वे, पुढं सोनौलीची सीमा. भारतीयांना व्हिसा नाही, मतदार ओळखपत्र चालतं. भारतीय १०० रुपयांना नेपाळी १६० हा भाव कायमचा बांधलेला आहे, आणि १०० च्या नोटा जवळ ठेवणं तिथं सगळ्यात निर्धोक. दोन आठवडे पोखरा-लुंबिनी-काठमांडू असं रमतगमत करा आणि रोजचा खर्च लिहा. ती वही तुमच्या तीन महिन्यांचं खरं अंदाजपत्रक. माझे वरचे आकडे तिच्यापुढं गौण आहेत.

मागचं घर कुणाच्या भरवशावर, हे मोकळेपणानं ठरवा. म्हाताऱ्या आई-वडिलांना “कधीही फोन करा” म्हणण्यापेक्षा रोजची एक वेळ ठरवून द्या. व्हिएतनाम-थायलंड आपल्यापुढं दीड तास आहे, त्यामुळे आपल्या संध्याकाळच्या सहाला तिथं साडेसात. गोठा आणि मोटारीची वेळ बघणाऱ्या भावाला किंवा पुतण्याला त्याच्या कामाचे पैसे आधीच द्या, उपकारावर सोडू नका. घराची एक किल्ली आणि पासपोर्ट-विम्याच्या प्रती घरच्या एका खात्रीच्या माणसाकडे, त्याच प्रती दोघांच्या फोनमध्ये.

परत आल्यावर दोन महिने घर चालेल एवढी रक्कम निघण्याआधीच वेगळ्या खात्यात टाका आणि त्या खात्याचं कार्ड बरोबर नेऊ नका.